बुलबुल मुलींचा गाईड पथकात प्रवेश

बुलबुल पथकात दोन-तीन वर्षे आनंदाने वावरलेल्या मुलींपैकी पुढे गाईड पथकात किती जातात, हा प्रश्न आपल्या शाळांत क्वचितच विचारला जातो. मुलीचे वय दहा झाले की पथकाच्या नोंदवहीत तिच्या नावापुढे ‘वय पूर्ण, नाव कमी केले’ असा शेरा पडतो आणि विषय तेथे संपतो. नोंदवहीच्या दृष्टीने हा शेरा बिनचूक असतो. परंतु वय पूर्ण होणे म्हणजे शिक्षण पूर्ण होणे नव्हे. जी मुलगी गेल्या शनिवारी गोलात उभी राहून खेळत होती, ती पुढच्या शनिवारी कोठे असेल, याचा विचार शेरा लिहिण्यापूर्वी व्हावयास हवा.

प्रस्तुत लेखाचा हेतू मर्यादित आहे. बुलबुल मुलींना पुढील टप्प्याची ओळख कशी करून द्यावी, त्यासाठी सहा आठवड्यांचा पाठ कसा आखावा आणि तो साधला की नाही हे कसे पडताळावे, एवढेच येथे सांगावयाचे आहे. पाठ हवेत राहू नये म्हणून मुंबई उपनगर जिल्ह्यातील माहुल हे खाडीकाठचे गाव नमुना म्हणून घेतले आहे. तेथील शाळा महानगरपालिकेच्या क्षेत्रात येतात, जिल्हा परिषदेच्या नव्हेत. तथापि खाडी, मासेमारी, कारखाने आणि नव्याने वसलेली वस्ती ही सर्व एकत्र असलेले ते गाव असल्यामुळे आपल्या किनारपट्टीतील व कारखान्यांलगतच्या शाळांना त्याचा उपयोग होईल. इतरांनी आपापल्या गावाचा तपशील घालून हाच पाठ बसवावा.

१. दोन टप्प्यांचे नाते

मुलींची ही चळवळ मुलींच्या मागणीतून उभी राहिली, ही गोष्ट शिक्षकांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. १९०९ साली लंडनमधील क्रिस्टल पॅलेस येथे बालवीरांचा मोठा मेळावा भरला. त्या वेळी काही मुली आपण होऊन तेथे हजर झाल्या आणि आम्हांलाही यात स्थान हवे, असा त्यांनी आग्रह धरला. परिणामी १९१० साली मुलींची स्वतंत्र संघटना स्थापन झाली. पुढे या मुलींच्या धाकट्या बहिणी मागे लागल्या, तेव्हा १९१४ साली लहान मुलींसाठी निराळा विभाग निघाला. म्हणजे धाकटा टप्पा हा थोरल्या टप्प्याच्या ओढीतून जन्मास आला. आज मात्र आपण पुष्कळदा धाकटा टप्पा चालवतो आणि त्या ओढीची व्यवस्था करावयास विसरतो.

भारतात पहिले गाईड पथक १९११ साली जबलपूर येथे निघाले. स्वातंत्र्यानंतर देशातील बालवीर संघटनांचे एकीकरण होऊन ७ नोव्हेंबर १९५० रोजी भारत स्काउट्स आणि गाईड्स ही संस्था अस्तित्वात आली, व १५ ऑगस्ट १९५१ रोजी मुलींची संघटनाही तीत सामील झाली. मराठीत स्काउटला बालवीर व गाईडला वीरबाला असे शब्द रूढ झाले. परंतु शाळांत ‘गाईड’ हाच शब्द अधिक चालतो, म्हणून येथे तोच वापरला आहे.

बुलबुल विभाग साधारणपणे दहा वर्षांपर्यंतच्या मुलींचा असतो. ताराची गोष्ट, गोलातील खेळ, गाणी, लहान लहान हस्तव्यवसाय, स्वच्छतेच्या सवयी आणि दररोज एखादे उपयोगी काम हे त्याचे स्वरूप. मुली सहा-सहांच्या षटकात विभागलेल्या असतात. त्यांच्या प्रगतीच्या पायऱ्यांना कोमल पंख, रजत पंख, सुवर्ण पंख आणि हीरक पंख अशी नावे आहेत. दहाव्या वर्षानंतर मुलगी गाईड होऊ शकते. तेथे प्रवेश, प्रथम सोपान, द्वितीय सोपान, तृतीय सोपान, राज्य पुरस्कार व राष्ट्रपती पुरस्कार असा क्रम आहे. मुली सहा ते आठ जणींच्या संघात राहतात आणि संघाचे काम संघनायिका पाहते.

या दोन टप्प्यांतील खरा फरक गणवेशात किंवा अभ्यासक्रमात नाही. बुलबुल पथकात बाई पुढे असतात आणि मुली मागे येतात. गाईड पथकात संघ पुढे असतो आणि बाई थोड्या अंतरावर उभ्या असतात. संघाची बैठक मुली स्वतः भरवतात, कामे आपसांत वाटून घेतात आणि संघनायिका आपल्या संघाचे म्हणणे पथकाच्या मानसभेत मांडते. बुलबुलचे ब्रीद प्रयत्नाचे आहे, गाईडचे सज्जतेचे. प्रयत्न स्वतःपुरता करता येतो. सज्ज राहावयाचे ते दुसऱ्याच्या उपयोगी पडण्यासाठी. हा बदल मुलीला समजावून देणे, हेच या पाठाचे मुख्य प्रयोजन होय.

२. मुली कोठे गळतात

गळतीची कारणे बहुतेक गावांत सारखीच आढळतात. पुष्कळ ठिकाणी शाळा चौथी-पाचवीपर्यंतच असते. मुलगी पुढील वर्गासाठी दुसऱ्या शाळेत जाते. तेथे कोणाला ती बुलबुल होती हे ठाऊक नसते, आणि ती आपण होऊन सांगत नाही.

दुसरे कारण मुलीच्या मनातील आहे. पथकात ती सर्वांत मोठी होती, षटकनायिका होती, धाकट्या मुली तिच्याकडे पाहून उभ्या राहत. गाईड पथकात ती एकदम सर्वांत लहान होते. तेराचौदा वर्षांच्या मुलींत तिला बोलावयास संकोच वाटतो. पहिल्या दोन सभांत तिच्याशी कोणी बोलले नाही तर तिसऱ्या सभेस ती येत नाही.

तिसरे कारण घरातले आहे आणि ते सर्वांत प्रबळ आहे. दहाव्या वर्षाच्या सुमारास मुलगी घराला ‘कामास येऊ लागते’. धाकटे भावंड तिच्या कडेवर येते, पाण्याची वेळ तिच्यावर येते, आई कामावरून येईपर्यंत घर तिच्या भरवशावर राहते. त्याच वयात मुलाला आणखी दोन तास खेळू दिले जातात व मुलीचे दोन तास काढून घेतले जातात. शरीरातील बदलही याच सुमारास सुरू होऊ लागतात. त्याविषयी विश्वासाने विचारावे असे माणूस तिला हवे असते. ज्या वेळी तिला पथकाची गरज वाढते, नेमक्या त्याच वेळी पथक तिच्या हातून सुटते.

भावंडाच्या अडचणीवर आपल्याच भागात मार्ग काढला गेला आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य सुरू केले आणि १९५७ साली ते कोसबाड येथे नेले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी होत्या. भावंडे सांभाळावी लागतात म्हणून मुली शाळेत येत नाहीत, हे पाहून त्यांनी भावंडांचीच सोय शाळेच्या आवारात केली. गुरांमागे जाणाऱ्या मुलांसाठी त्यांनी कुरणावर शाळा नेली. मुलांना कामाबद्दल दोष न देता कामाच्या वेळेभोवती शिक्षण बसवावे, हा त्यांचा धडा गाईड पथकाच्या सभेलाही तंतोतंत लागू पडतो. भावंडाला घेऊन आलेल्या मुलीस परत पाठवू नये. संघातील एकीने अर्धा तास भावंडे खेळवावीत, हेसुद्धा गाईडचेच काम आहे.

३. माहुलची परिस्थिती

माहुल हे चेंबूरच्या दक्षिणेकडील बाजूस, ट्रॉम्बेच्या परिसरातील जुने गाव. कोळी व आगरी वस्ती, खाडीतील मासेमारी, तिवरांची दाट रांग आणि ओहोटीला उघडी पडणारी विस्तीर्ण दलदल हे त्याचे जुने रूप. शिवडी ते माहुल या पट्ट्यातील दलदलीवर हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. स्वातंत्र्यानंतर या भागाचे रूप पालटले. १९५४ व १९५५ साली येथे तेलशुद्धीकरणाचे दोन मोठे कारखाने सुरू झाले, १९५६ साली औष्णिक वीजकेंद्र आणि १९६५ साली खतकारखाना सुरू झाला. अलीकडच्या काळात तानसा जलवाहिनीलगतच्या वस्त्या हटवल्यानंतर तेथील कुटुंबांना माहुलमधील उंच इमारतींत हलवण्यात आले. हवेच्या प्रदूषणाचा प्रश्न राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणासमोर व उच्च न्यायालयासमोरही गेला. ८ ऑगस्ट २०१८ रोजी येथील एका तेलशुद्धीकरण कारखान्यात स्फोट होऊन आग लागली व चाळीसहून अधिक माणसे जखमी झाली.

अशा गावातील दहा वर्षांची मुलगी काय जाणते, याचा विचार करावा. गावठाणातील मुलगी जाळे विणताना पाहत वाढलेली असते. भरती केव्हा येते हे तिच्या घरात रोज बोलले जाते. इमारतीतील मुलगी जुनी शाळा, जुन्या मैत्रिणी आणि कदाचित जुने बुलबुल पथकही मागे टाकून आलेली असते; परंतु नव्या जागी वाट शोधणे, रांगेत उभे राहणे, घर सांभाळणे तिला येते. या दोघी एकाच वर्गात बसतात, पण एकमेकींच्या घरी क्वचित जातात. म्हणून पहिली सूचना अशी की, संघ पाडताना गावठाणाचा एक संघ व इमारतींचा दुसरा, अशी वाटणी कदापि करू नये. आपल्या गावातही वाडी, पाडा आणि आळी यांना हीच सूचना लागू आहे.

४. सहा आठवड्यांचा पाठ

पहिला आठवडा : संभाषण. बुलबुल पथकाच्या नेहमीच्या सभेत, वय दहाच्या जवळ आलेल्या मुलींना अर्धा तास वेगळे बसवावे. व्याख्यान देऊ नये. पुढील धर्तीवर बोलते करावे.

बाई : गेल्या वर्षी येत नव्हते आणि यंदा येऊ लागले, असे काय काय आहे?
मुलगी : मला धाकट्या भावाला अंगणवाडीत पोहोचवता येते.
दुसरी : मी भात लावते. पाणीही मीच भरते.
बाई : हे तुला कोणी शिकवले?
दुसरी : कोणी नाही. आई कामाला गेली की करावेच लागते.
बाई : भावाला ताप आला आणि आई घरी नसली, तर काय करशील?
(मुली गप्प राहतात.)

या शांततेपासून पाठ सुरू होतो. ‘करावे लागते’ आणि ‘करता येते’ यांत मोठे अंतर आहे. मुलीवर जबाबदारी आधीच आलेली आहे. तिला त्या जबाबदारीचे शिक्षण मात्र कोणी दिलेले नाही. गाईड पथकात ते शिक्षण मिळते आणि सोबतीला सातजणी मिळतात, एवढेच त्या दिवशी सांगावे. मुलींनी सांगितलेल्या कामांची यादी फळ्यावर लिहून ती वहीत उतरवून ठेवावी.

दुसरा आठवडा : भेट. गाईड पथकातील एक संघनायिका व तिच्या संघातील दोन मुली यांना बुलबुल सभेस बोलवावे. बुलबुलांना त्यांच्याकडे नेण्याआधी त्यांनी बुलबुलांकडे येणे, हा क्रम महत्त्वाचा आहे. कारण परक्या ठिकाणी लहान मूल गप्प बसते, आपल्या ठिकाणी प्रश्न विचारते. संघनायिकेने भाषण करू नये. तिने बुलबुलांबरोबर त्यांचाच एखादा खेळ खेळावा आणि मग आपल्या संघाचा ध्वज व संघाची वही दाखवावी. निघताना प्रत्येक बुलबुलसाठी संघातील एक मुलगी सोबतीण म्हणून ठरवावी. पुढील पाच आठवडे या सोबतिणीने त्या बुलबुलला सभेस नेणे-आणणे करावयाचे आहे.

तिसरा आठवडा : गाठ. आता बुलबुलांनी गाईड सभेस जावे. तेथे त्यांना शीट बेंड ही गाठ शिकवावी. एका दोराचा टोकाशी वळसा करावा, दुसऱ्या दोराचे टोक त्या वळशातून वर काढावे, वळशाच्या मागून फिरवून आणावे आणि स्वतःच्याच खालून घालून ताणावे. जाडीने भिन्न असलेले दोन दोर जोडण्यास ही गाठ उपयोगी पडते. मासेमारीच्या जाळ्यातील घर विणताना जी गाठ पडते, तिची घडण हीच आहे. तेव्हा माहुलसारख्या गावात ही गाठ बाईंनी न शिकवता कोळीवाड्यातील एखाद्या जाणत्या आजींना किंवा काकांना बोलावून त्यांच्याकडून शिकवावी. आपल्या घरात रोज चालणारे काम पथकाच्या अभ्यासक्रमात आहे, हे कळल्यावर गावठाणातील मुलीचा संकोच जातो. आणि इमारतीतील मुलीला तिच्याकडून शिकण्यासारखे काही आहे, हेही दोघींना एकदमच समजते. शेतीच्या गावात दावे बांधणारे शेतकरी काका हेच काम करतील.

चौथा आठवडा : पाणी आणि वारा. या आठवड्याचा पाठ निरीक्षणाचा. खाडीत दिवसातून साधारण दोनदा भरती व दोनदा ओहोटी येते आणि भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्या व पौर्णिमेच्या सुमारास उधाण येते. अष्टमीच्या सुमारास भांग असतो, म्हणजे पाण्याची चढउतार कमी असते. किनाऱ्यावरील जुन्या माणसांचा हिशेब असा की, तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली म्हणजे भरतीची वेळ ढोबळमानाने मिळते. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणून भरती तीनच्या सुमारास, पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा. अपूर्णांकाचा यापेक्षा चांगला पाठ वर्गात सापडणे कठीण. मुलींनी आठवडाभर तिथी पाहून वेळ काढावी व भरतीच्या छापील वेळापत्रकाशी ताडून किती मिनिटांचा फरक पडतो हे लिहावे. धक्क्यावर जाणे झाल्यास मोठ्या माणसांसह जावे. चिखलात कोणी उतरू नये. पावसाळ्यात हा पाठ वर्गातच घ्यावा.

यास जोडूनच वाऱ्याचा पाठ द्यावा. काठीला कापडाची पट्टी बांधून सकाळी, दुपारी व सायंकाळी वारा कोठून येतो हे मुलींनी आठवडाभर नोंदवावे. हा खेळ दिसतो, पण कारखान्यांलगतच्या वस्तीत तो खेळ राहत नाही. वायुगळती झाल्यास घाबरून गर्दीमागे धावू नये. वाऱ्याचा रोख पाहून त्याच्या आडव्या दिशेने दूर जावे, नाका-तोंडावर ओले कापड धरावे, मोठ्या माणसांच्या व अधिकाऱ्यांच्या सूचना पाळाव्यात, हे मुलींना शांतपणे सांगावे. घरातच थांबण्याची सूचना असेल तर दारे-खिडक्या बंद करून आत राहावे. तातडीच्या मदतीसाठी ११२, मुलांच्या मदतीसाठी १०९८ आणि मुंबईत महानगरपालिकेच्या आपत्ती नियंत्रण कक्षासाठी १९१६ हे क्रमांक प्रत्येकीला पाठ असावेत. भीती घालण्यासाठी हे सांगावयाचे नाही. ज्या मुलीला काय करावे हे ठाऊक आहे, ती इतरांपेक्षा कमी घाबरते. आणि घरात ती शांत राहिली तर तिची भावंडेही शांत राहतात. सज्जतेचा अर्थ मुलींना या आठवड्यात आपोआप कळेल.

पाचवा आठवडा : पालकांची भेट. सभेस पालकांना बोलावण्यापेक्षा शक्य तेथे त्यांच्या घरी जावे, आणि जाताना संघनायिकेस सोबत न्यावे. तेरा वर्षांची मुलगी ओट्यावर बसून नीट बोलते, हे पाहून आईला जे पटते ते आपल्या सांगण्याने पटत नाही. पहिल्या आठवड्यातील यादी या वेळी उपयोगी पडते. ‘तुमची मुलगी घरी एवढी कामे करते, हे आम्हांला तिने सांगितले’, असे म्हणून सुरुवात करावी. मग कोणता वार व कोणती वेळ त्यांना सोईची, हे विचारावे. पाण्याची वेळ, मासळीबाजाराची वेळ, आईची पाळी यांचा मेळ घालून सभेची वेळ ठरवावी. पथकाच्या प्रमुख गाईड कॅप्टन या स्त्रीच असतात, मुलीला ने-आण करण्यास सोबतीण आहे आणि गणवेशासाठी घाई नाही, या तीन गोष्टी स्पष्ट सांगाव्यात. वडील घरी असतील तर त्यांच्याशीही बोलावे. केवळ आईवर निर्णय टाकून येऊ नये.

सहावा आठवडा : निरोप व स्वागत. या दिवशी दोन्ही पथके एकत्र यावीत. एका बाजूस बुलबुलांचा गोल, दुसऱ्या बाजूस गाईड मुलींचे संघ, मध्ये थोडे अंतर. बुलबुल पथकाच्या बाईंनी मुलीला गोलातून बाहेर आणावे, तिच्याविषयी एक खरी व नेमकी गोष्ट सर्वांसमोर सांगावी आणि अर्ध्या वाटेपर्यंत सोबत करावी. तेथून सोबतिणीने तिला आपल्या संघात न्यावे. सगळा समारंभ पंधरा-वीस मिनिटांत आटोपावा. पाहुण्यांची लांबलचक भाषणे ठेवू नयेत. वचनविधी याच दिवशी उरकण्याची घाई करू नये. प्रवेशाचा अभ्यासक्रम झाल्यावर तो योग्य वेळी होईल. समारंभ संपण्यापूर्वी संघनायिकेने नव्या मुलीस पुढील सभेचे एक निश्चित काम द्यावे : दोर आणणे, हजेरी घेणे किंवा वाऱ्याची नोंद वाचून दाखवणे. काम लहान असावे, पण तिच्यावाचून ते अडेल असे असावे. पुढच्या शनिवारी ती का येईल, याचे उत्तर या कामात आहे.

५. काही पथ्ये

(अ) गाईड मुलींचा उपयोग पाहुण्यांना फुले देण्यासाठी, चहाचे पेले फिरवण्यासाठी व स्वागताच्या रांगेत उन्हात उभे करण्यासाठी करू नये. आतिथ्य हा गुण चांगला आहे. पण मुलांनी मंडप उभारावा आणि मुलींनी तबके धरावीत, अशी वाटणी झाली की गाईड होण्यात नवीन काही नाही, असे मुलगी समजते. मंडपाचे दोर तिला बांधू द्यावेत. शीट बेंड तिला येतच असते.

(आ) गणवेशाअभावी कोणासही मागे ठेवू नये. स्कार्फ व गणवेश शाळेने हळूहळू जमवावेत. एका मुलीकडे गणवेश आहे व दुसरीकडे नाही, अशा वेळी संपूर्ण संघाने साध्या पोशाखात यावे.

(इ) बुलबुल पथकात कोणती मुलगी किती पंख मिळवून आली, यावरून नव्या पथकात तुलना करू नये. उशिरा आलेली, मधूनच शाळा बदललेली, कधीच बुलबुल नसलेली मुलगीही गाईड होऊ शकते. वस्ती हलवल्यामुळे जिचे जुने पथक सुटले, तिला तर आवर्जून विचारावे.

(ई) ज्या गावात प्राथमिक शाळेत बुलबुल पथक आहे परंतु गाईड पथक नाही, तेथील शिक्षकांनी केंद्रातील माध्यमिक शाळेशी वर्षारंभीच बोलणे करावे. निरोपाच्या दिवशी मुलीला पोहोचवण्यास पलीकडे कोणी नसेल, तर तो समारंभ करण्यात अर्थ नाही. शिक्षिकांच्या प्रशिक्षणाची गरज असल्यास जिल्हा कार्यालयामार्फत मागणी करावी.

६. पडताळा

पाठ झाला की त्याचे फळ मोजले पाहिजे. समारंभास किती पालक आले यावरून ते मोजू नये. समारंभानंतर तीन महिन्यांनी नोंदवही उघडून तीन प्रश्नांची उत्तरे लिहावीत. गेलेल्या मुलींपैकी किती जणी अद्याप सभेस येतात? प्रत्येकीकडे संघातील एखादे निश्चित काम आहे काय? जी येत नाही, तिच्या घरी कोण जाऊन आले? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर रिकामे राहिले, तर पहिल्या दोहोंचा फारसा उपयोग नाही. मुलगी न येण्याचे कारण लिहिताना ‘पालकांची अनास्था’ असा ठरीव शब्द वापरू नये. पाणी, भावंड, वाट, पैसा, आजार, लाज यांपैकी जे असेल ते लिहावे. कारण नेमके लिहिले म्हणजे उपायही नेमका सुचतो.

मुलींना आपल्या पथकापलीकडचे जग दाखवणेही आवश्यक आहे. २२ फेब्रुवारी हा दिवस जगभरच्या गाईड मुली एकमेकींचे स्मरण करून साजरा करतात. १९२६ साली भरलेल्या जागतिक परिषदेत ही प्रथा ठरली. या जागतिक संघटनेचे आशियातील केंद्र दूर कोठे नसून आपल्याच राज्यात, पुण्यात आळंदी रस्त्यावर आहे. ‘संगम’ या नावाचे हे केंद्र १६ ऑक्टोबर १९६६ रोजी सुरू झाले आणि देशोदेशीच्या मुली तेथे येऊन राहिल्या आहेत. भिंतीवरच्या नकाशात माहुलच्या खाडीवर एक टाचणी व पुण्यावर दुसरी टाचणी टोचून दोहोंमध्ये दोरा बांधावा. जमल्यास पत्र लिहावे. आपण ज्यात प्रवेश करीत आहोत ते घर किती मोठे आहे, हे मुलींना त्यावरून कळेल.

तात्पर्य, दहाव्या वर्षी मुलीचे आयुष्य आपली वाट पाहत थांबत नाही. घर तिला मोठी करून टाकते. तिच्यावर आलेल्या जबाबदारीबरोबर तिला शिक्षण, सोबत आणि बोलण्याची जागा मिळवून देणे शाळेच्या हाती आहे. त्यासाठी वेगळा निधी किंवा वेगळी इमारत लागत नाही. सहा शनिवार, एक दोर, एक संघनायिका आणि घरोघर जाण्याची तयारी एवढे लागते. यंदा आपल्या बुलबुल पथकातील ज्या मुलींचे वय पूर्ण होत आहे, त्यांची नावे शिक्षकांनी आताच वेगळी काढावीत. वर्षअखेर नोंदवहीत त्यांच्या नावापुढे ‘नाव कमी केले’ या शब्दांऐवजी त्या कोणत्या गाईड पथकात व कोणत्या संघात दाखल झाल्या, याची नोंद असावी. शाळाभेटीच्या वेळी तीच नोंद प्रथम पाहिली जाईल.